रिकाम्या पदांचे ओझे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आरोग्यसेवकांवरील ताण हा विषय अर्थशास्त्राच्या निवृत्त शिक्षकाकडे सोपवण्यात संयोजकांची काही गफलत झाली असावी, असे मला प्रथम वाटले. मग काही वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. माझी पत्नी एका सरकारी रुग्णालयात दाखल होती. सलाइन संपून बराच वेळ झाला तरी परिचारिका फिरकली नाही, म्हणून वॉर्डाच्या मधोमध उभा राहून मी तिच्यावर ओरडलो. तिने उत्तर दिले नाही. बाटली बदलली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. सकाळी कळले की बेचाळीस रुग्णांमागे त्या रात्री ती एकटी होती आणि बदलीची परिचारिका न आल्याने तिची ती सलग दुसरी पाळी होती. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे. तो तीन पाळ्यांत वाटला तरी बेचाळिसांमागे एक हे प्रमाण कोठे बसत नाही. पस्तीस वर्षे वर्गात कामाच्या तासांवर बोलणाऱ्या मला समोरचा कामगार ओळखता आला नाही.

‘बर्नआउट’ हा शब्द १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यांतील कार्यकर्त्यांविषयी लिहिताना पुढे आणला. ज्यांनी कामाला स्वतःला वाहून घेतलेले असते तेच यात आधी सापडतात, हे त्याचे निरीक्षण होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची नोंद करताना तिला रोग म्हटले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी व्यावसायिक घटना म्हटले. हा भेद केवळ शब्दांचा नाही. रोग असता तर उपचार माणसावर करायचे. इथे उपचार व्यवस्थेवर करायला हवेत. आपल्याकडे मात्र परिपत्रक निघते, आणि हक्काच्या सुटीच्या दिवशी सक्तीच्या हजेरीने ध्यानधारणेचे शिबिर भरते. योगासनांशी माझे वैर नाही. मीही ती करतो, वाईट करतो. पण श्वास कसा घ्यावा हे सांगण्याआधी तो घ्यायला सवड द्यावी लागते.

आता थोडे अर्थशास्त्र. पद रिक्त राहिले की वेतन वाचते, काम वाचत नाही. ते हजर असलेल्यांच्या अंगावर वाटले जाते. शासनाच्या हिशेबात ही बचत दिसते. प्रत्यक्षात ते परिचारिकेच्या झोपेतून आणि तिच्या मुलाबाळांच्या वेळेतून घेतलेले बिनव्याजी, बिनपरतीचे कर्ज असते. सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात होते. ते साल उलटले, वचन कागदावर राहिले.

निवासी डॉक्टरांचेच पाहा. सलग ड्यूटी साधारणतः बारा तासांहून अधिक नसावी, आठवड्याचे काम ४८ तासांचे असावे, अशा केंद्राच्या सूचना १९९२ पासून आहेत. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाला पुन्हा शिफारस करावी लागली, ती आठवड्याला ७४ तासांच्या कमाल मर्यादेची आणि एका सुटीची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली ती १८९० साली. २०२४ च्या ऑगस्टात कोलकात्यात ज्या डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, ती प्रदीर्घ ड्यूटीनंतर सेमिनार हॉलमध्ये पाठ टेकायला गेली होती. ज्या रुग्णालयात शेकडो खाटा आहेत, तिथे डॉक्टरला पाठ टेकायला कडी लागणारी खोली नसावी, याला काय म्हणावे?

आणि आशाताई? २००५ पासून त्या गावोगाव राबत आहेत. पण त्या ‘स्वयंसेविका’. कर्मचारी नाहीत, म्हणून कामाचे तास नाहीत. तास नाहीत, म्हणून जादा काम नाही. आणि जादा काम नाही, तर थकवा कोठून येणार? करोनाकाळातल्या कामाचा केंद्राचा भत्ता महिना एक हजार रुपये होता. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना संपावर जावे लागले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरवाने मानधन वाढत नाही.

आता जरा कटू बोलतो. २०२३ च्या ऑक्टोबरारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यानंतर एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. आपण त्याचा निषेध केला, योग्यच केले. पण आपल्या मोर्च्यांचे काय? रुग्ण दगावला की आपणही अपघात विभागात शिरतो, ड्यूटीवरच्या पोराला घेराव घालतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. ज्याने पद भरले नाही तो मंत्रालयात निवांत असतो. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे. परंतु तो एकही रिक्त जागा भरत नाही.

मोर्चा जरूर काढा, पण यादी हातात घेऊन. तालुक्याच्या रुग्णालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, रात्रपाळीत माणसे किती, विश्रांतीची खोली आणि स्वच्छतागृह आहे की नाही, हे माहितीच्या अधिकारात मागा. मिळालेले आकडे दवाखान्याबाहेर फलकावर लिहा, म्हणजे रांगेतल्या माणसालाही कळेल की आतली बाई का वैतागली आहे. आणि फलक लावण्याआधी त्या बाईलाच विचारा. आपल्यापेक्षा तिला अधिक ठाऊक असते.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयासाठी असा अर्ज मी गेल्या महिन्यात दिला आहे. तीस दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते. शुक्रवारी सकाळी कार्यालयात माझ्याबरोबर कोण येणार, हे चहाच्या वेळी सांगावे.