ठेका धरणाऱ्याच्या बाजूने



बीटल्सच्या चौघांपैकी ड्रम वाजविणाऱ्या रिंगो स्टारला आम्ही पुष्कळ वर्षे हसत आलो. लेनन-मॅकार्टनी गाणी रचणार, हॅरिसन सतार हाती धरणार. हा बापडा मात्र केवळ नशिबाने पंक्तीत बसलेला, असे आमचे ठाम मत! ते मत आज आम्ही आपणां सर्वांसमक्ष परत घेत आहोत.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रण चालू असतानाच रिंगो निघून गेला. आपले वादन बरे होत नाही आणि या तिघांत आपण उपरे आहोत, असे त्याला वाटू लागले होते. म्हणजे आम्ही जे हसत हसत बोलत होतो, तेच त्याच्या मनात सलत होते! सुमारे दोन आठवड्यांनी तो परतला, तेव्हा त्याचे ड्रम फुलांनी सजविलेले होते. सोबत्यांना त्याची किंमत कळली होती. आम्हांलाच कळली नव्हती.

आता १९६९ चा 'ॲबी रोड' ऐकावा. 'कम टुगेदर' हे पहिलेच गाणे त्याच्या हातावर तोललेले आहे. शेवटाकडे 'द एंड'मध्ये त्याला एकट्याला वाजवायला मिळते, तेही जेमतेम पाव मिनिट! मूळचा डावखुरा हा गडी उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवितो; त्याच्या वादनातली ती गोड वक्रता त्यातूनच आलेली.

आपल्या बैठकीत तबलजीने स्वच्छ ठेका धरला, तर आपण मान डोलावतो. मग रिंगोलाच वेगळा न्याय का? मैफल संपली की गर्दी गवयाभोवती होते. पुढल्या खेपेस चार पावले तबल्याकडेही वळावीत, एवढेच आमचे मागणे.