वळवाचा ढग आणि आमच्या कुरडया

गेल्या मे महिन्यात आमच्या बचत गटाने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. सकाळी रेडिओवर अंदाज ऐकलेला: तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. ऊन तर कडक. चार वाजता आभाळ भरून आलं आणि ताडपत्री सापडेस्तोवर सगळा माल भिजला. शेजारच्या वाडीत मात्र थेंब नाही! सगळ्या चिडल्या. आपल्या गावाचं नाव घेता येत नाही का यांना?

का येत नाही, ते आम्ही मग समजून घेतलं.

काळूबाईच्या दर्शनाला मांढरदेवला तुमच्यातल्या कितीतरी जणी गेल्या असतील. त्याच डोंगरावर, सुमारे १३०० मीटर उंचीवर, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने पावसाच्या अभ्यासासाठी रडार बसवलं. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना, तसंच हे. फक्त हाक रेडिओलहरींची. त्या थेंबांवर आपटून परततात. किती वेळाने आल्या यावरून ढग किती लांब ते कळतं, किती जोराने आल्या यावरून पावसाचा जोर. दोन मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या ६४ थेंबांइतकी लहर परत पाठवतो! म्हणून टपोऱ्या थेंबांचा वळीव रडारच्या चित्रात लालभडक दिसतो.

अशा अभ्यासातून ऋतूऋतूच्या पावसाचा स्वभाव कळत गेला. जून-जुलैत घाटमाथ्यावर येणारे ढग बहुतेक बुटके. समुद्राकडून एकामागून एक येतात आणि दिवसभर झोडपतात. वळवाचा ढग निराळा. तापलेल्या जमिनीवरची हवा झपाट्याने वर चढते आणि ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. तिथे बर्फ होतो, म्हणून गारा आणि विजा. पण अशा एकट्या ढगाचं आयुष्य साधारण तासाभराचं. सकाळी तो जन्मलेलाच नसतो, मग कुणाच्या गच्चीवर पडणार हे कोण सांगणार?

म्हणून हवामान खातं पुढच्या तीन तासांपुरता वेगळा इशारा देतं. त्यासाठी त्यांची स्वतःची रडार आहेत, मुंबईला, नागपूरला. त्यांनाही सगळं दिसत नाही. डोंगर आड आला की लहर अडते. शिवाय पृथ्वी गोल, त्यामुळे लांब गेलेली लहर जमिनीपासून उंच जाते आणि बुटका ढग तिच्याखालून निसटतो. वळवाचा उंच ढग सहसा सुटत नाही, हे आपलं नशीब.

आता वाळवणाच्या दिवशी दुपारी बारानंतर आमच्यातली एक जण फोनवर तो इशारा बघत राहते. गडगडाट ऐकू आला, म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. तेव्हा गच्चीवर कुणी जायचं नाही, पक्क्या घरात थांबायचं. यावर आमच्यात चांगलंच वाजलं. माल गेला तर भरून कोण देणार? शेवटी ठरलं, भिजलेल्या मालाचा तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, म्हणजे एकटीने ताडपत्री घेऊन वर धावायला नको.