सायकल आपल्या मापाची करा

मंडळी, सायकल तुम्ही रोज चालवता. पण ती आपल्या अंगाच्या मापाची करावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आम्हांलाही नव्हते, आणि आम्ही तर हेडमास्तर!

आम्ही खेर्डीहून चिपळूणला सायकलने शाळेत येत असू. सीट अगदी खाली ठेवलेली. पाय जमिनीला टेकले की पडायची भीती नाही, ही समजूत. पुढे गुडघे धरले. वाटले, वय झाले. सायकल विकायला काढली. दुकानदाराने एकदा पाहिले न् म्हणाला, "गुरुजी, सायकल कशाला विकता? सीट वर घ्या."

तो म्हणाला ते असे. सायकल भिंतीला टेकवा. सीटवर बसा. एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकला तर सीट खाली आहे. कंबर एका बाजूला कलली तर सीट फार वर आहे. चालवताना मात्र पायडलवर टाच नको, चवडा ठेवा. मग गुडघा किंचित वाकतो. तेवढाच हवा.

सीटच्या दांडीचा नट पान्याने सैल करा. दांडी एका वेळी बोटभरच वर घ्या. दांडीवर रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. रेघ नसेल तर निदान अडीच इंच दांडी आत ठेवा. नाहीतर ती मोडेल आणि तुम्ही खाली याल. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचा पूर आला, तेव्हा कितीतरी सायकली चिखलात बुडाल्या. अशी दांडी गंजून धरते. तेल सोडून रात्रभर ठेवा. हातोडा घालू नका.

आता हँडल. ते सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वर असावे. फार खाली असले तर मनगटे आणि मान दुखते. हँडलचा बोल्ट सैल करा. त्यावर लाकूड ठेवून हलके ठोका, म्हणजे आतली पकड सुटते. हँडलच्या दांडीलाही रेघ असते, तीही आतच राहू द्या. बोल्ट घट्ट केल्यावर पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून पाहा. फिरता कामा नये. जुन्या सायकलीचे ब्रेक दांड्यांचे असतात. हँडल हलले की तेही हलतात. ते तपासल्यावाचून परशुराम घाट उतरू नका हो!

आमची सायकल आता मुलगाही नेतो. तो उंच आहे. म्हणून सीटच्या दांडीवर आम्ही रंगाच्या दोन खुणा केल्या आहेत, वरची आमची, खालची त्याची.