व्यसनातून परतलेला विद्यार्थी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



१९३६ साली गांधीजी सेवाग्रामी राहावयास आले आणि या वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. तथापि शेजारच्या जिल्ह्यांतून येणारी बाटली व मोहाची चोरटी भट्टी थांबलेली नाही, हे आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? आणि खर्रा तर आपल्या लग्नमांडवातही हातोहात फिरतो! बंदीने व्यसनाची वाट अरुंद होते. लागलेले व्यसन सोडविणे हे काम निराळे.

मुलगा बिघडला असे कळताच घरी प्रथम संताप होतो, मग देवापुढे शपथ, मग गळ्यात माळ. माळेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु पुष्कळ दिवस भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर झटके येऊन प्राणावरही बेतू शकते. म्हणून माळेआधी डॉक्टर गाठावा. व्यसन हा आजार आहे. त्यास उपचार आहे. पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साह्य लाभले होते. उपचारानंतरचा पाठपुरावा आणि घरच्या माणसांचा सहभाग यांवर तेथे भर असतो.

खरी परीक्षा पुढेच. शरीरातील विष काही दिवसांत उतरते. ओढ मात्र कित्येक महिने राहते. अशा वेळी मुलगा परततो तो त्याच खोलीत, त्याच सोबत्यांत. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाने हे ओळखून १९८८ साली अशा विद्यार्थ्यांसाठी निराळे निवासस्थान काढले. आपली ऐपत तेवढी नाही. पण वर्ध्यात आपली इतकी घरे असता एका मुलास एक खोली मिळू नये काय?

आता आपल्या शिक्षणनिधीकडे वळू. वर्ष खंडित झाल्यास शिष्यवृत्ती बंद, असा नियम आहे. टायफॉईडने वर्ष बुडाले तर आपण सवलत देतो. उपचारासाठी बुडाले तर मात्र विद्यार्थी नालायक ठरतो. परिणामी पालक आजार लपवितात, उपचार लांबतो. बहिणीच्या स्थळाची धास्ती असतेच. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही, कारण चौकशी करणारेही आपणच असतो.

म्हणून आमची सूचना अशी: डॉक्टरचा दाखला असल्यास शिष्यवृत्ती एक वर्ष राखून ठेवावी, पाठपुराव्यास जाण्याचे भाडे निधीतून द्यावे, पुन्हा पाय घसरला तर एवढ्यावरून मदत तोडू नये, कारण या आजारात तसे घडते. दाखला केवळ चिटणीसांनी पाहावा; नाव कार्यवृत्तात वा या स्मरणिकेत येऊ नये. ज्यांस घरी बोलणे अवघड वाटते, त्यांनी शासनाच्या १४४१६ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनीवर बोलावे; तेथे पैसे पडत नाहीत.

ही सूचना कार्यकारिणीपुढे लेखी ठेवीत आहोत. खोली देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी चिटणीसांस खासगीत कळवावे.