लहान पैजेचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेत पोकर हा विषय पाहून काही भुवया वर गेल्याच असतील. जुगाराची दीक्षा देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात घातला गेला, आणि त्या पत्रांचा विषय अर्धवट राहिलेल्या डावातील पैशांची वाटणी हाच होता, हे विसरून कसे चालेल?

लास व्हेगासला १९७० साली सुरू झालेल्या जागतिक स्पर्धेमुळे प्रसिद्धी पावलेला ‘टेक्सस होल्डेम’ हा प्रकार घेऊ. प्रत्येकाच्या हाती दोन झाकली पाने. मध्ये सर्वांची मिळून पाच, टप्प्याटप्प्याने उघडणारी. आणि प्रत्येक टप्प्याला पैज. मध्ये १०० डॉलर जमले आहेत आणि समोरचा गृहस्थ अवघे १० लावतो. येथे कोणी कंटाळून पाने टाकतो, तर कोणाला तो अपमान वाटतो आणि तो चिडून पैज वाढवतो. हिशेब मात्र कोणीच करीत नाही!

१० देऊन ११० मिळणार. म्हणजे बारांत एकदा जिंकलो तरी तोटा नाही. आपल्याजवळ बदामाची चार पाने जमली असून पाचवे हवे आहे, आणि एकच पान उघडायचे उरले आहे, असे धरू. न पाहिलेली पाने ४६, त्यांत बदाम ९. सुमारे पाचांत एकदा यश. येथे पाने टाकणे ही शुद्ध उधळपट्टी होय. त्याच गृहस्थाने १०० लावले असते तर तिनांत एकदा जिंकणे भाग होते, आणि मग माघारच बरी.

उलट बाजूही पाहावी. तो हूल देत असेल तर १०० साठी त्याचे १० च धोक्यात आहेत. आपण अकरांत एकाहून अधिक वेळा पळालो, की त्याला कोणत्याही पानांवर नफा.

मग वाढवावे केव्हा? पाने भक्कम असतील तेव्हा अवश्य; त्याला पुढचे पान स्वस्तात का पाहू द्यावे? मध्यम पानांनी मात्र वाढवू नये. दुबळा पळून जातो आणि आपल्याहून बळकट तेवढा समोर उरतो! तेथे मुकाट्याने १० द्यावे. हूल द्यायचीच तर अगदी टाकाऊ पानांनी द्यावी. फॉन नॉयमन यांनीही आपल्या गणितातून हेच दाखविले आहे.

बहुधा लहान पैज लावणाऱ्याजवळ मध्यम पाने असतात आणि त्याला स्वस्तात शेवट गाठायचा असतो. क्वचित ते आमिषही असते. म्हणून डावाअखेर तो जी पाने उघडी करतो ती लक्षात ठेवावीत. आमिषवाला त्यांतूनच ओळखू येतो, आणि त्याच्यापुढे वाढवताना आपली पाने आणखी एकदा पाहून घ्यावीत.