दूध उकळूनच द्या
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषण करण्याची सवय नाही. पण जे माझ्या घरात घडले ते तुमच्या घरात घडू नये, म्हणून उभी राहिले आहे.

माझे माहेर जत तालुक्यातले, सासर माणदेशातले. दोन्हीकडे मेंढरे. दिवाळी झाली की आमची माणसे वाडा घेऊन कृष्णाकाठी नाहीतर कोकणात उतरतात. शाळेची मुले आजीजवळ राहतात आणि सुट्टी लागली की वाड्यावर जातात. तिथे सरपण मिळायची मारामार. सकाळी शेळीची धार काढायची, वाटी मुलाच्या तोंडाला लावायची. धारोष्ण दूध म्हणजे अमृत, असेच आम्ही समजत आलो. मीही तेच केले.

माझा धाकटा चौथीत होता. सुट्टीहून आला आणि ताप सुरू झाला. सकाळी उतरे, संध्याकाळी चढे. रात्री घामाने अंथरूण भिजे. कंबर नि गुडघे धरून रडे. आधी हिवतापाचे औषध झाले, मग विषमज्वराचे. महिना गेला, शाळा बुडाली. शेवटी एका डॉक्टरांनी विचारले, "घरी शेळ्या आहेत का? एखादी गाभडली होती का?" गाभडली होती. तिची वार मीच उघड्या हाताने उचलून टाकली होती, आणि तिचेच दूध मुलाला दिले होते. रक्त तपासले, ब्रुसेलोसिस निघाला. सहा आठवडे औषध चालले. बरे वाटल्यावर मध्येच सोडले तर हा ताप उलटतो, म्हणून एकही दिवस चुकवला नाही. आता पोर खेळते आहे.

हा रोग काही आपल्याच मुलखाचा नाही. माल्टा नावाच्या बेटावर गोरे सैनिक याच तापाने अंथरुणाला खिळत. 1887 साली डॉ. ब्रूस यांनी त्याचे जंतू शोधले. ते शेळीच्या दुधातून येतात हे डॉ. झम्मित यांच्यामुळे 1905 साली कळले. तेव्हा त्या शेळ्या दिसायला धडधाकट होत्या! सैनिकांचे ते दूध बंद केले आणि ताप ओसरला.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्या कच्च्या दुधावर वाढल्या." मी उलट बोलले नाही. चुलीवर भांडे ठेवले. आता त्याच विचारतात, "उकळी आली का गं?"

तर बायांनो, एवढे करा. दूध चांगली उकळी येऊ देऊन मगच प्या. विरजणही तापवलेल्या दुधालाच लावा, कच्च्या दुधाच्या दह्यात जंतू राहतात. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यापुढे टाकू नका, खोल पुरा. पोरांना त्या जागी फिरकू देऊ नका. धार काढल्यावर हात साबणाने धुवा. गाईम्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना या रोगाची लस एकदाच टोचतात. 2019 पासून ती सरकारी कार्यक्रमात आहे. शेळ्यामेंढ्यांबद्दल जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. आणि मुलाचा ताप रेंगाळला तर "आमच्या घरी जनावरे आहेत" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मी ते महिनाभर सांगितले नाही, याची रुखरुख अजून आहे.

दूध सोडा असे मी म्हणत नाही. भाकरीबरोबर दूध हेच आपल्या मुलांचे बळ. फक्त एक उकळी, काटक्या चार जास्त लागतील.