छोटा संगणक बंद करण्याची रीत



केंब्रिजमध्ये जन्मलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. पत्त्यांच्या जोडातील एखाद्या पानाएवढा फलक, त्यावर ५ व्होल्टचा प्रवाह घेणारी एक खाच, कार्ड बसविण्याची दुसरी खाच. बंद करण्याची कळ मात्र कोठेच नाही. अशा फलकावर कळ आली ती २०२३ मध्ये, पाचव्या पिढीत. मधल्या काळात असंख्य लोकांनी पंखा बंद करावा तसा, नुसती वायर उपटून, हा संगणक बंद केला. पंख्याला काही आठवणीत ठेवावयाचे नसते. संगणकाला असते, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

आपण मजकूर साठविण्याची आज्ञा देतो आणि पडद्यावर काम झालेले दिसते. प्रत्यक्षात तो मजकूर काही काळ तात्पुरत्या स्मृतीतच पडून असतो. कार्डावर लिहिणे हे संथ काम. म्हणून लिनक्स ही प्रणाली लेखन साचवून ठेवते व सवडीने उतरविते. सर्वसाधारण मांडणीत ती दर ५ सेकंदांनी पाहणी करते आणि ३० सेकंदांहून जुने झालेले लेखन कार्डाकडे धाडते. या अवधीत वीज गेली, तर न उतरलेले सारे गेले.

यावर एक तोड पूर्वीच निघालेली आहे. पेढीवरचा दिवाणजी आधी रोजकीर्दीत नोंद करतो, मग ती खतावणीत नेतो. मध्येच खंड पडला तर कीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. या संगणकाची ‘एक्स्ट-फोर’ नावाची संचिका-व्यवस्था हेच करते. परंतु तिची कीर्द सहसा कपाटाच्या मांडणीपुरती असते. कपाटातील कागदावर काय लिहिले होते, याची हमी ती देत नाही.

खरा धोका याहून खोल आहे आणि त्याची वाच्यता फार कमी होते. कार्डातील स्मृती पानापानाने लिहिता येते, पण पुसावयाची झाली तर पानांचा अख्खा गठ्ठा पुसावा लागतो. म्हणून कार्डातील नियंत्रक आपल्या नकळत जुनी पाने उचलून नव्या गठ्ठ्यात हलवीत असतो. नेमक्या त्या क्षणी प्रवाह तुटला, तर सहा महिन्यांपूर्वी लिहिलेली आणि आज कोणी उघडलेलीही नसलेली संचिका नष्ट होऊ शकते. दिवाणजीला याचा पत्ताच नसतो. त्याच्या कीर्दीत या हालचाली येत नाहीत. कधी संगणक पुन्हा सुरूच होत नाही, तो यामुळे.

मराठीत आपण दुकान बंद करीत नाही, ‘वाढवितो’. तो शब्द येथे चपखल बसतो. ‘पॉवरऑफ’ ही आज्ञा मिळताच प्रणाली चालू कार्यक्रमांना आवरण्याची सूचना देते, जे ऐकत नाहीत त्यांना थांबविते, साचलेले लेखन कार्डावर उतरविते आणि शेवटी कार्डाशी असलेला व्यवहार मिटविते. हिरवा दिवा कार्डाची हालचाल दाखवितो; तो शांत झाल्यावरच वायर काढावी. जुन्या फलकांवरील लाल दिवा त्यानंतरही तेवत राहतो. तो केवळ वीज येत असल्याची खूण आहे. त्याला पाहून गोंधळू नये.

पडदा व कळफलक नसेल तेथे पाचव्या आणि सहाव्या पिनेमध्ये एक साधे बटण जोडता येते. मांडणीच्या संचिकेत एक ओळ घातली, की ते दाबल्यावर संगणक रीतसर बंद होतो आणि पुन्हा दाबल्यावर सुरू होतो. चार-आठ रुपयांचे बटण ते, पण शाळेच्या प्रयोगशाळेत ते मुलांच्या हाताशी असावे. पाचव्या पिढीतील कळ थोडक्यात दाबावी. ती बराच वेळ दाबून धरणे म्हणजे वायर उपटणेच होय.

परंतु भारनियमन बटण दाबून येत नाही. पावसाची नोंद घेण्यासाठी शेतात ठेवलेल्या यंत्राजवळ माणूसही नसतो. तेथे मुख्य कार्ड केवळ वाचण्यापुरते ठेवण्याची सोय वापरावी: सारे नवे लेखन तात्पुरत्या स्मृतीत होते आणि वीज जाताच पुसले जाते, मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. जपावयाच्या नोंदी मात्र वेगळ्या साठ्यावर, प्रत्येक नोंदीनंतर लेखन उतरविण्याची आज्ञा देऊन, लिहाव्यात. मग वीज गेलीच, तर बहुधा शेवटची एखादी नोंद जाईल.